फिशरगेटचे छायाचित्र आणि ‘जसेच्या तसे’ची कल्पना

१

मराठी समीक्षेत ‘छायाचित्र’ हा शब्द बहुतेक वेळा रूपक म्हणून येतो. एखाद्या कादंबरीतील वाड्याचे, चाळीचे किंवा वस्तीचे वर्णन ‘छायाचित्रासारखे हुबेहूब’ आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्यात कधी गौरव असतो, तर कधी दूषण. गौरव असेल तर लेखकाने वास्तव जसेच्या तसे उतरवले असा अर्थ असतो. दूषण असेल तर त्याने ते केवळ उतरवले, त्यावर कलावंत म्हणून कोणताही संस्कार केला नाही, असा. दोन्ही विधानांमागचे गृहीतक मात्र एकच आहे. छायाचित्र म्हणजे निवड, रचना आणि हेतू यांच्यावाचून झालेली वास्तवाची नोंद, हे ते गृहीतक. वास्तववादाच्या चर्चेत ते इतके मुरले आहे की, ज्या वस्तूवरून हे रूपक घेतले त्या वस्तूकडे निरखून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही.

रूपकाची चिकित्सा करावयाची तर उपमानाचीही चिकित्सा करावी लागते. त्या दृष्टीने छायाचित्रणाच्या पहिल्या दशकातील एक चित्र विशेष उद्बोधक आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी सेंट अँड्रूज हे जुने नगर आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना पंधराव्या शतकाच्या आरंभीची. कॅथीड्रल आणि किल्ला यांचे भग्नावशेषही प्रसिद्ध. या नगरातील नॉर्थ स्ट्रीट या रस्त्याच्या पूर्व टोकाला, कॅथीड्रलच्या बाजूस, कोळ्यांची वस्ती होती. तिला फिशरगेट म्हणत. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल (१८०२–१८७०) हा चित्रकार आणि रॉबर्ट अॅडमसन (१८२१–१८४८) हा तरुण छायाचित्रकार या दोघांनी १८४३ ते १८४७ च्या दरम्यान या वस्तीचे एक छायाचित्र घेतले. दगडी घरांच्या समोर, उघड्या रस्त्यावर, बायका आणि मुले जमली आहेत. मासेमारीच्या दोऱ्यांना आमिष लावण्याचे काम चालू आहे, असे चित्राचे नाव सांगते. इंग्लंड-स्कॉटलंडमधील श्रमजीवी समाजाच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत त्याची गणना होते, आणि साहजिकच त्याला ‘दस्तऐवज’ हे बिरूद चिकटले आहे. हा दस्तऐवज नेमका कशाचा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

हे चित्र कॅलोटाइप या पद्धतीचे आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने ही पद्धती सिद्ध करून १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. ते पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते. टॅल्बटचा स्नेही सर डेव्हिड ब्रूस्टर हा भौतिकशास्त्रज्ञ त्या वेळी सेंट अँड्रूज येथेच एका महाविद्यालयाचा प्राचार्य होता. त्याच्यामार्फत या पद्धतीची माहिती त्या छोट्या नगरात पोहोचली आणि तेथील डॉ. जॉन अॅडमसन या वैद्याने ती आत्मसात केली. रॉबर्ट हा त्याचा धाकटा भाऊ. १८४३ मध्ये रॉबर्टने एडिंबरोत आपला व्यवसाय मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चमधून चारशेंहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले व त्यांनी स्वतंत्र चर्च स्थापन केले. या घटनेचे भव्य तैलचित्र काढण्याचा संकल्प हिलने सोडला. इतक्या माणसांचे चेहरे टिपून ठेवण्यासाठी कॅलोटाइपचा उपयोग करावा, अशी सूचना ब्रूस्टरने त्याला केली. तैलचित्र पुरे व्हायला १८६६ साल उजाडले. दरम्यान, साधन म्हणून हाती घेतलेल्या तंत्रातून अवघ्या साडेचार वर्षांत सुमारे तीन हजार छायाचित्रे निर्माण झाली. जानेवारी १८४८ मध्ये रॉबर्ट अॅडमसनच्या मृत्यूने हे पर्व संपले.

हा तपशील केवळ पार्श्वभूमी म्हणून येथे दिलेला नाही. कॅलोटाइपमध्ये निगेटिव्ह कागदाची असते आणि तिच्यावरून मिठाच्या द्रावणाने संस्कारित केलेल्या दुसऱ्या कागदावर चित्र छापले जाते. दोन्ही वेळा कागदाचा पोत चित्रात उतरतो. त्याच काळातील दगेरोटाइपचा, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर घेतलेल्या चित्राचा, काटेकोर तपशील येथे मिळत नाही. उजेडाचे आणि काळोखाचे मोठे पट्टे मिळतात. समकालीनांना ही चित्रे पाहून रेम्ब्रांटची आठवण झाली ती यामुळेच. खुद्द हिलने १८४८ मधील एका पत्रात या दोन पद्धतींची तुलना करताना कागदाचा खरबरीतपणा हाच कॅलोटाइपचा प्राण असल्याचे म्हटले आहे. ही चित्रे ईश्वराच्या परिपूर्ण कृतीची लहान नक्कल भासत नाहीत, तर माणसाच्या अपूर्ण हातांचे काम भासतात, असा त्याचा आशय आहे. ‘छायाचित्रासारखे हुबेहूब’ हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी, छायाचित्रणाच्या एका आद्य कलावंताने हुबेहूबपणाला दुय्यम ठरवले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

रासायनिक मर्यादा आणखीही होत्या. हे कागद मुख्यत्वे निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. त्यामुळे आकाश पांढरे, रिकामे उमटे, आणि तांबडे-पिवळे रंग प्रत्यक्षाहून गडद दिसत. उन्हात भाजलेली कातडी चित्रात अधिकच काळवंडे. सर्वांत मोठी मर्यादा वेळेची. भर उन्हातही काही सेकंदांपासून मिनिटा-दोन मिनिटांपर्यंत भिंग उघडे ठेवावे लागे. तेवढ्या अवधीत जे हलले ते पुसट झाले किंवा उमटलेच नाही. म्हणजे या यंत्राला जे स्थिर होते तेवढेच दिसत असे, आणि जे स्थिर नव्हते ते आधी स्थिर करावे लागे.

३

या शेवटच्या मर्यादेचे दोन परिणाम फिशरगेटच्या चित्रावर झालेले आहेत, आणि ते परस्परविरुद्ध दिशांचे आहेत.

पहिला परिणाम विषयनिवडीचा. समुद्रकाठच्या नगराचे चित्र म्हटले की समुद्र, शिडे, लाटा, वादळाला तोंड देणारा नाविक यांची अपेक्षा असते. चित्रकलेत आणि काव्यात ही प्रतिमासृष्टी आधीच घडलेली होती. कॅलोटाइपला मात्र लाट टिपता येत नव्हती, की पाण्यावर डोलणारी होडी. हिल आणि अॅडमसन यांच्या कोळीजीवनाच्या चित्रांत म्हणूनच होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मासेमारी हा ज्या व्यवसायाचा अर्थ, त्यातील प्रत्यक्ष मासे पकडण्याची क्रिया चित्रकक्षेच्या बाहेरच राहते. उरतो तो किनाऱ्यावरचा भाग, आणि किनाऱ्यावरचा भाग हा प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रमाचा होता. शिंपले गोळा करणे, ते फोडून मांस काढणे, गळांच्या लांब दोरीवरील शेकडो गळांना एकेक करून आमिष लावणे, होडीतून सोडताना गुंता होऊ नये म्हणून ती दोरी वेटोळी घालून टोपलीत नीट रचणे, आणि मासळी आली की पाठीवर टोपली घेऊन ती विकायला जाणे, ही सगळी कामे त्यांची व मुलांची. पुरुषांच्या प्रत्येक फेरीआधी हे काम नव्याने करावे लागे. कोळीजीवनाच्या वीरकथेत याला स्थान नव्हते. यंत्राच्या असमर्थतेने ते मिळवून दिले. ज्या तंत्राला समुद्र दिसत नव्हता, त्याला समुद्रावरच्या उपजीविकेचा अदृश्य अर्धा भाग दिसला.

याचा अर्थ कलावंताच्या जाणिवेला श्रेय नाही असा नव्हे. १८४४ मध्ये या दोघांनी छायाचित्रसंग्रहांची एक माला जाहीर केली होती. तिच्यातील एक संग्रह फोर्थच्या खाडीकाठच्या कोळी पुरुषांचा आणि स्त्रियांचा, दोघांचाही, असणार होता. हा संग्रह जाहीर केल्याप्रमाणे निघाला नाही. मात्र स्त्रियांचा उल्लेख त्याच्या नावातच होता. निवड तेथे आहे. परंतु ती निवड तंत्राने आखून दिलेल्या कुंपणाच्या आत झालेली आहे. साहित्यात यमक, छंद किंवा अंकरचना जशी आशयाला अडवते आणि अडवता अडवता अनपेक्षित वाट दाखवते, तसाच हा प्रकार आहे.

दुसरा परिणाम अधिक गुंतागुंतीचा. आमिष लावणे हे हातांचे, सतत हालचालीचे काम आहे. ते चालू असताना कॅलोटाइप घेतला तर हात उमटणार नाहीत. चित्रात हात हवे असतील तर त्यांनी काम थांबवले पाहिजे. तेव्हा ‘दोरीला आमिष लावणाऱ्या बायका आणि मुले’ हे नाव धारण करणाऱ्या या चित्रात नेमकी ती क्रियाच नाही. कामाची जागा आहे, कामाची साधने आहेत, काम करणारी माणसे आहेत. काम तेवढे स्थगित आहे. या माणसांना कोणीतरी थांबायला सांगितले आहे, कोणी कोठे बसावे वा उभे राहावे हे ठरवले आहे, आणि त्यांनी ते मानले आहे. लहान मुलांनीही.

छायाचित्राचे सारतत्त्व ‘हे येथे होते’ या ग्वाहीत आहे, अशी मांडणी रोलाँ बार्थ यांनी १९८० मधील आपल्या अखेरच्या ग्रंथात केली. फिशरगेटचे चित्र या मांडणीला दुजोरा देते आणि तिची सीमाही दाखवते. ही माणसे तेथे होती, याची ग्वाही चित्र देते. ती काय करीत होती, याची ग्वाही त्याला देता येत नाही. ‘असणे’ चित्राचे, ‘करणे’ नावाचे. नामे आणि विशेषणे प्रकाशाने लिहिली, पण क्रियापद भाषेकडून उसने घ्यावे लागले. ज्या चित्राला भाषानिरपेक्ष दस्तऐवज मानले जाते, त्याचा अर्थ एका वाक्यावर उभा आहे. ते वाक्य काढून घेतले तर उरतो तो एका रस्त्यावर जमलेला, कॅमेऱ्यासमोर निश्चल झालेला समुदाय.

मग हे चित्र खोटे ठरते काय? तसे म्हणणे म्हणजे पुन्हा ‘जसेच्या तसे’ हाच सत्याचा निकष मानणे होय. चित्रात आमिष लावण्याच्या क्रियेची नोंद नसली तरी दुसऱ्या एका क्रियेची आहे: स्थिर राहण्याची. मिनिटभर निश्चल राहणे हे आपोआप घडत नाही. याच दोघांच्या न्यूहेवन येथील कोळिणींच्या चित्रांत स्त्रिया एकमेकींच्या खांद्यावर रेललेल्या दिसतात. पाहणाऱ्याला त्यात जिव्हाळा दिसतो. तो असेलही, परंतु देह हलू नये म्हणून आधार घेण्याची गरजही त्यात आहे. तंत्राची गरज आणि नात्याची खूण या दोन गोष्टी येथे वेगळ्या काढता येत नाहीत. वाल्टर बेंजामिन यांनी छायाचित्रणाच्या इतिहासावरील १९३१ मधील निबंधात हिलच्या चित्रांविषयी हेच वेगळ्या रीतीने सुचवले आहे. दीर्घ अवधीमुळे ती माणसे क्षणातून निसटण्याऐवजी क्षणात रुजत गेली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. फिशरगेटच्या चित्रातील वास्तव हे असे दोन पक्षांनी मिळून घडवलेले वास्तव आहे. कॅमेऱ्यामागच्यांनी रचना केली. कॅमेऱ्यासमोरच्यांनी आपला कामाचा वेळ मोडून ती रचना धरून ठेवली. दस्तऐवज आहे तो या व्यवहाराचा.

४

हा व्यवहार समान पातळीवरचा मात्र नव्हता. बेंजामिन यांच्या त्याच निबंधात न्यूहेवनच्या कोळिणीच्या चित्राचा उल्लेख आहे. तिच्या खाली झुकलेल्या नजरेत असे काही आहे की, ते छायाचित्रकाराच्या कलेच्या गौरवात विरघळून जात नाही. ती कोण होती, तिचे नाव काय, हा प्रश्न ते विचारायला लावते. त्या स्त्रीचे एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल हे नाव आज तिच्या चित्रासोबत दिले जाते. फिशरगेटच्या चित्रात ते घडलेले नाही. तेथे ‘बायका आणि मुले’ आहेत. धर्मोपदेशकांची छायाचित्रे घेतली गेली ती प्रत्येकाचे नाव इतिहासात राहावे म्हणून. त्याच भिंगाने फिशरगेटमध्ये व्यक्ती नव्हे, तर समूह पाहिला.

पाहणारे कोण होते, हेही त्यामुळे विचारात घ्यावे लागते. सेंट अँड्रूजमध्ये १८३८ साली स्थापन झालेली साहित्य व तत्त्वज्ञान सभा होती. ब्रूस्टरभोवती जमलेल्या तेथील विद्वज्जनांनीच कॅलोटाइपची पहिली उठाठेव केली. त्याच मंडळींतील ह्यू लायन प्लेफेअर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातून निवृत्त झालेला अधिकारी १८४२ मध्ये नगराचा प्रमुख झाला आणि १८६१ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिला. नगराचे रस्ते, स्वच्छता आणि शोभा यांच्या सुधारणेसाठी त्याचे नाव घेतले जाते. ज्या वर्षांत फिशरगेट कॅमेऱ्यासमोर आले, त्याच वर्षांत नगराला नीटनेटके करण्याची मोहीम चालू होती. रस्त्यावर बसून शिंपले फोडणे हे एका दृष्टीला रमणीय, तर दुसऱ्या दृष्टीला गलिच्छ. आणि या दोन्ही दृष्टी एकाच वर्गाच्या, क्वचित एकाच व्यक्तीच्याही असू शकतात. जे हटवावयाचे तेच चित्रात जतन करावयाचे, हा एकोणिसाव्या शतकातील एक ओळखीचा संकेत आहे.

पुढे १८५२ मध्ये सेंट अँड्रूजला रेल्वे आली आणि पर्यटकांचा ओघ वाढला. काचेच्या निगेटिव्हचे नवे तंत्र रूढ झाले. अॅबर्डीनचा जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन, डंडीचा जेम्स व्हॅलेंटाइन यांच्यासारख्या व्यावसायिकांनी स्कॉटलंडची स्थळचित्रे मोठ्या प्रमाणावर विक्रीला आणली. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हलत्या लाटाही टिपता येऊ लागल्या. तंत्र अधिक समर्थ झाले आणि समुद्र चित्रात परतला. त्याबरोबर किनाऱ्यावरची स्त्री पुन्हा कडेला सरकली; राहिली ती टोपली आणि पोशाख यांच्यासह, प्रदेशाची खूण म्हणून. अचूकतेत वाढ झाली म्हणजे वास्तवाच्या ज्ञानातही वाढ होतेच, असे नाही, याचा हा ऐतिहासिक दाखला होय.

५

आता आरंभीच्या रूपकाकडे वळता येईल. छायाचित्र हे निवडीवाचून, रचनेवाचून होते हे गृहीतक फिशरगेटच्या चित्राने टिकत नसेल, तर त्या गृहीतकावर उभे असलेले वाङ्मयीन मूल्यविधानही तपासावे लागेल. मराठीत याची निकड सर्वांत अधिक जाणवते ती दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील लेखकांच्या आत्मकथनांच्या संदर्भात. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रकारच्या लेखनाचे स्वागत करताना ‘सामाजिक दस्तऐवज’ हा शब्द वारंवार वापरला गेला. त्यात आदर होता, यात शंका नाही. पण दस्तऐवज म्हणजे जसेच्या तसे उतरलेले, ही समजूत त्या आदरातही शिल्लक होती. परिणामी लेखकाने काय भोगले याची चर्चा झाली, आणि भोगलेले सांगण्यासाठी त्याने काय निवडले, काय गाळले, निवेदकाला कोठे उभे केले, बोलीला प्रमाणभाषेशेजारी कसे बसवले, याची चर्चा त्या मानाने मागे पडली.

येथे दोन व्यवहारांतील फरक नजरेआड करता येणार नाही. फिशरगेटमध्ये कॅमेरा दुसऱ्याच्या हाती होता. आत्मकथनात ज्याचे जीवन समोर आहे, त्याच्याच हाती लेखणी आहे. तेथे निवड करणारा आणि निवडला जाणारा एकच आहे. म्हणून तर ‘दस्तऐवज’ या शब्दातून होणारा अन्याय येथे अधिक खोल आहे. फिशरगेटच्या चित्राचा गौरव करताना हिलच्या कलेबद्दल बोलले जाते आणि स्त्रियांचे थांबणे विसरले जाते; आत्मकथनाचा गौरव करताना जगणे सांगितले जाते आणि लिहिणे विसरले जाते. दोन्ही ठिकाणी विसर पडतो तो श्रमाचाच, आणि तो श्रम दोन्ही ठिकाणी वंचितांचा असतो.

यावर बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील भूमिकेच्या आधारे असे म्हणता येईल की, कलाकृतीचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या पातळीवर व्हावा, लौकिक संदर्भांच्या पातळीवर नव्हे. आणि त्या रीतीने छायाचित्र व आत्मकथन या दोहोंना कलेच्या प्रांतात सामावून घेता येईल. परंतु फिशरगेटच्या चित्राचा अनुभव या तोडग्याला पुरेसा ठरू देत नाही. त्या चित्रातील समतोल हा माणसांनी श्वास आवरून सांभाळलेला समतोल आहे. रूपबंध कसा घडला याचा शोध घेऊ लागले की, त्या रस्त्यावरचा उजेड, कागदाचे रसायन, कामाचा खाडा आणि नगरप्रमुखांची सुधारणा येथपर्यंत जावे लागते. लौकिक संदर्भ रूपाच्या बाहेर उभा राहत नाही. रूप त्यातूनच कमावले गेलेले असते.

म्हणून ‘छायाचित्रासारखे’ हा शब्द मराठी समीक्षेने टाकून द्यावा, असे सुचवण्याचे कारण नाही. तो अधिक जबाबदारीने वापरावा, एवढेच. एखादी कादंबरी वा आत्मकथन छायाचित्रासारखे आहे असे म्हणताना, तेथे भिंग किती वेळ उघडे होते, कोणाला थांबायला सांगितले गेले, काय हलत होते म्हणून उमटले नाही, आणि चित्राखालचे वाक्य कोणी लिहिले, हे प्रश्न समीक्षकाने विचारावेत. नॉर्थ स्ट्रीटच्या टोकाला त्या दिवशी भिंग झाकले गेल्यावर बायकांचे हात पुन्हा दोरीकडे वळले असतील. भरती होड्यांसाठी थांबणार नव्हती. चित्रात ते येणे शक्य नव्हते. पण ते आलेले नाही, हे चित्र नीट वाचणाऱ्याला कळते, आणि समीक्षेचे काम तेथून सुरू होते.